डॉक्टरनं खाली यायला नको होतं

नातेपुत्याच्या अलीकडं एक वाडी हाय, वाडी म्हणजे काय, थोडी घरं, एक चिंच आन् पाण्याची बोंब, तितली मी. नाव हौसा. बा दुसऱ्याच्या रानात राबायचा आन् आई कोंबड्या पाळायची, अंडी घेऊन नातेपुत्याच्या बाजाराला जायची, मी तिच्या पदराला धरून मागं मागं. आईचा आवाज असा की ती बोलायला लागली की पलीकडच्या रांगंतलं माणूस वळून बघायचं. तिनं मला एकच शिकवलं. समोरच्याचा पहिला शब्द खरा धरायचा न्हाई. पहिला शब्द नुसता दार उघडायला असतो, निम्म्यावर यायचं आन् मंग बोलायला सुरवात करायची. शाळेचं तोंड मी बघितलं न्हाई, माझी शाळा ती तेवढीच.

लगीन होऊन सोलापुरात आले. मालक चादरीच्या मागावर होते. मालक म्हणजे माझे मालक बरं का, मागाचा धनी येगळा, त्याला आमी शेठ म्हणायचो. मालकांचं मूळ गाव टेंभुर्णीकडचं, पण बारकेपणीच शहरात आलेले, त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा सुधारलेलं आन् लई कमी. मी चार शब्द बोलले की त्यांचा एक. दिवसभर माग खडाखडा वाजतोय, त्यात ओरडून बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं अशी सवय लागली असंल. आमची खोली चाळीत माडीवर, शेजारी नरसव्वा, तेलगू बाई, दिवसभर दारात बसून विड्या वळायची. एक पोरगी झाली, शकू. एका मागाच्या पगारात काय होतंय, म्हणून मी भांडी घेऊन फिरायला लागले.

काय सांगू तुमाला, ह्या धंद्यात मला कुणी आणलं न्हाई. एक म्हातारी बोहारीण आमच्या चाळीत यायची, तिचे गुडघे गेले, तिची पाटी मी डोक्यावर घेतली. जुनी कापडं घ्यायची आन् भांडं द्यायचं. स्टील तवा नवीन नवीन होतं, बाया पितळंला कंटाळलेल्या, जर्मनच्या भांड्यांना तर नाकं मुरडायच्या, स्टीलची वाटी बघितली की डोळे चमकायचे. नवी पेठेच्या मागच्या गल्ल्या माझ्या. एक वकिलीणबाई होत्या, म्हणल्या, अगं हौसाबाई, ह्यांच्या दोन पँटी, माझं लुगडं, आन् तू नुसता तांब्या दाखवतीस व्हय? मी पँट उचलून उजेडाला धरली, म्हणलं वहिनी, ह्या पँटीतनं मला तुमची तुळस दिसतीय. बाई हसता हसता खाली बसली, आन् सौदा माझ्या बाजूनं झाला. माझा राग पण गल्लीत माहीत होता. कुणी ए बोहारीण म्हणून हाक मारली की मी वळायची न्हाई, बाई म्हण म्हणायची, तुझ्या कापडानं माझं अंग झाकत न्हाई. असं करत करत एका पाटीच्या दोन पाट्या झाल्या, पोरीला शाळेत घातलं. कुणाचं देणं न्हाई, कुणाचं उपकार न्हाई. जे मिळवलं ते तोंडानं मिळवलं.

मंग मालकांचं दुखणं निघालं. आधी जिन्यावर. चार पायऱ्या चढले की कठड्याला धरून उभं राहायचे आन् वर बघून हसायचे, जसं काय जिना बघायला थांबलेत. मी म्हणायची, काय हो, ताजमहाल हाय का तो. आमाला वाटलं कापसाची धूळ बसली छातीत, मागावरच्या सगळ्यांनाच थोडी थोडी ढास असती. गूळ खाल्ला, अडुळसा झाला. मंग आडवं झोपता येईना. आडवं झाले की घुसमटायचे, म्हणून चादरींची चवड पाठीला लावून भिंतीला टेकून बसायचे, डोकं एका बाजूला कललेलं, तीच झोप. मंग पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आन् तो खड्डा भिजवलेल्या कणकेगत तसाच राहायचा. नरसव्वानं बघितलं, विडीचं सूप बाजूला ठेवलं आन् म्हणली, हौसक्का, हे खोकला न्हाई, हे गुंडे, गुंडे. मी म्हणलं कुठले गुंडे बाई? तिनं आपल्या छातीवर हात मारून दाखवला. त्यांच्या भाषेत काळजाला गुंडे म्हणतात. तिचा भाऊ असाच गेला होता, पण ते तिनं मला तवा सांगितलं न्हाई, लई नंतर सांगितलं.

दवाखान्याचं नाव मी सांगत न्हाई. सांगून काय हशील, तितं आजबी माणसं जातात, बरी होऊन घरी येतात. आमी गेलो तवा गर्दी अशी की दोन कॉटांच्या मधी खाली गाद्या टाकलेल्या आन् त्याच्यावर माणसं. टेबलावरचा माणूस म्हणला कॉट न्हाई, खाली झोपवा. मी म्हणलं, ह्या माणसाला आडवं झोपता येत न्हाई, खाली झोपवून मारता का? तो म्हणला, बाई, आवाज हळू. मी म्हणलं, माझा आवाज हळू होत न्हाई, देवानं असाच दिलाय. मंग सिस्टर आली. केरळकडची, काळीसावळी, चालणं लई चपळ. मी तिला म्हणलं, मला स्वतंत्र खोली पायजे. ती बघतच राहिली, म्हणली, खोली? इदर? मी म्हणलं व्हय, खोली, पंख्याची. तिनं कपाळाला हात लावला. थोडा वेळ तसंच ताणून धरलं आन् मंग म्हणलं, बरं राहू दे बाई खोली, खिडकीजवळची ती कॉट तरी द्या. खोलीवरनं मी कॉटवर आले, तिला वाटलं ही बाई किती खाली आली. त्या कॉटवरचा माणूस त्याच दिवशी घरी जायचा होता. कॉट आमाला मिळाली.

हे मी मुद्दाम सांगते. कारण लोक म्हणतात, हौसाबाई, दवाखान्यात कशाला घासाघीस करायची? अहो, घासाघीस केली म्हणून तर कॉट मिळाली. माझं तोंड तितंबी चालतंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

आन् औषध लागू पडलं, खोटं कशाला बोलू. कॉटंच्या डोक्याकडं लोखंडी टेका लावून सिस्टरनं त्यांना बसतं केलं, तीन उशा दिल्या, नाकाला नळी लावली. वाऱ्याचं नळकांडं वॉर्डात एकच चालू, ते गाड्यावर घालून ह्याच्याकडनं त्याच्याकडं ढकलत न्यायचे, ज्याला जास्त धाप त्याच्याकडं. मंग एक सुई दिली, लघवी होण्याची. अशी लघवी झाली म्हणता, दिवसभर भांडं लागायचं. मालक मला म्हणले, हौसे, जन्मभर तू भांडी वाटलीस, पण ह्या भांड्याएवढं कामाचं भांडं तुझ्या पाटीत न्हाई. पुढच्या कॉटवरचे एक मास्तर होते म्हातारे, ते इतके हसले की त्यांनाच धाप लागली, आन् सिस्टर धावत आली, म्हणली, कॉमेडी बंद! सूज उतरली. पाय असे बारीक झाले की मला ओळखू येईनात. पाठ टेकून, तोंड उघडं टाकून माणूस झोपला. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना घोरताना ऐकलं आन् पदर तोंडाला लावून बसले.

जेवण मात्र अळणी. मीठ म्हणजे इख, असं सिस्टर सांगायची. मी घरनं कडक भाकरी आन् शेंगांची चटणी नेली तर तिनं डबा उघडला, नाकाला लावला आन् परत माझ्या हातात दिला, आम्मा, ये नक्को. मी म्हणलं बाई, सोलापूरच्या माणसाची चटणी तोडतीस, पाप लागंल तुला. ती म्हणली लागू दे. मालक ती पांढरी भाजी गपगुमान खायचे. म्हणायचे, चव न्हाई पण श्वास हाय.

मोठा डॉक्टर सकाळी फेरीला यायचा, मागं पोरापोरींची रांग, पांढरे कोट. कॉटंपाशी उभं राहून विंग्रजीत बोलायचा. मंग एकेका पोरानं छातीला नळी लावून ऐकायचं, एकेकानं पायावर बोट दाबायचं. मालक म्हणायचे, माझ्या काळजात काय रेडिओ लागलाय काय की, सगळेच ऐकून जातात. सगळे ऐकायचे, पण मला कुणी सांगायचं न्हाई. मी मोठ्या डॉक्टरला आडवी गेले, म्हणलं साहेब, ह्यांना झालंय काय? तो म्हणला, सुधारणा हाय, आन् पुढच्या कॉटकडं गेला.

एक बारका डॉक्टर होता, मिसरूड नुकतं फुटलेला, डोळे कायम झोप न झालेले. तो मात्र उभा राहायचा. त्याला इचारलं तवा तो म्हणला, बाई, काळीज म्हणजे पंप असतो, ह्यांचा पंप थकलाय. थकलाय म्हणला. आता तुमीच सांगा, थकलेल्याला काय लागतं? इसावा. बैल थकला, दोन दिवस गव्हाणीला बांधला, पुन्हा औताला. मला तेवढंच कळलं. तो जर म्हणला असता की विरलाय, तर मला कळलं असतं, मी रोज विरलेल्या कापडाला हात लावते. विरलेल्या कापडाला किती इसावा दिला तरी ते घट्ट होत न्हाई, ते जपून वापरायचं असतं, पिळायचं न्हाई, आपटायचं न्हाई. पण विरलाय असं मला कुणी म्हणलंच न्हाई. ही माझी एक तक्रार हाय, तुमी लिवून घेताय तर तीबी लिवा.

मंग ते मास्तर गेले. दुपारी पेपर वाचत होते, मालकांना वाचून दाखवत होते, आन् पेपर छातीवर पडला. पडदा लावला, डॉक्टर धावला, पडदा काढला. त्यांच्या घरची माणसं रडत रडत बाहेर गेली न्हाईत तोवर वॉर्डबॉयनं चादर बदलली आन् दुसरा माणूस आणून त्याच गादीवर ठेवला. गादी अजून गरम असंल. तो माणूस मास्तरांच्या उशीवर डोकं ठेवून मालकांकडं बघून हसला.  मी मनात म्हणलं, हौसे, माणूस चांगला झालाय, आता हितनं उचल, ही जागा माणसाला गिळती.

आन् शेठचा निरोप आलेला, माग किती दिवस रिकामा ठेवू म्हणून. ते एक टोचत होतंच.

तर मी बारक्या डॉक्टरला व्हरांड्यात गाठला. म्हणलं, डॉक्टर, उद्या नेते मालकांना. तो म्हणला, छे छे, अजून तीन आठवडे तरी न्हाई. तीन आठवडे! मला हसूच आलं. मी म्हणलं, डॉक्टर, पाय बघा, काठी झालेत काठी. तो म्हणला, पाय चांगले झाले म्हणजे काळीज चांगलं झालं न्हाई, गोळीचं माप बसायचंय, हळूहळू चालवायचंय. मी म्हणलं, चालवते की मी, घरी न्हेऊन चालवते. तो म्हणला, बरं, दोन आठवडे. आला का खाली? मी गप बसले. गप बसणं हे सगळ्यात मोठं हत्यार हाय, समोरच्याला गप सोसत न्हाई. मंग म्हणलं, माझी पोरगी घरी एकटी, माझी पाटी बंद, ह्यांचा माग जाईल. मंग आमी उपाशी मरू, काळीज चांगलं ठेवून काय करायचं? तो दाराकडं बघायला लागला, तितं खाली गाद्यांवर नवीन माणसं येऊन बसलेली. म्हणला, एक आठवडा तरी ठेवा हो. मी म्हणलं, रविवार. सोमवारी बाजारात जुनी कापडं विकायची असतात, तो सोमवार माझा मोडता येत न्हाई. आन् तो म्हणला, बरं, रविवारी न्या.

रविवार म्हणजे परवाचा दिवस. तीन आठवड्यांचे दोन दिवस केले मी. अशी खुशीत आत गेले, म्हणलं, मालक, सुटलात. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् म्हणले, राहू दे की हौसे, हितं पाठ टेकती. मी म्हणलं, तितंबी टेकंल. ते पुन्हा बोलले न्हाईत. त्यांची ही रीतच, एकदा शब्द ठेवायचा, कुणी उचलला तर उचलला. त्या दिवशी कुणी उचलला न्हाई.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट ऐका. जी बाई भांडत, चिडत, एकेक पाऊल मागं येती, तिचं कापड चांगलं असतं. जी बाई भराभरा खाली येती, तिचं कापड पुन्हा उजेडाला धरायचं, कुटंतरी कसर लागलेली असती. हे मला झोपेत इचारा, सांगीन. आन् तो डॉक्टर चार वाक्यांत तीन आठवड्यांवरनं परवावर आला, तवा मला कळायला नको का की त्याला कॉट मोकळी पायजे? पण मी जिंकले होते ना. जिंकणारा माणूस कापड उजेडाला धरत न्हाई.

निघताना तो हात धूत धूत म्हणला, मीठ बंद, पाणी मोजून, दोन महिने माग न्हाई, जिना न्हाई, गोळी रोज, चुकवायची न्हाई, आन् दर सोमवारी आणून दाखवायचं. जिना न्हाई म्हणला, आन् आमी राहतो माडीवर, ते त्यानं इचारलंच न्हाई. चाळीतल्या दोघांनी खुर्चीत बसवून वर नेलं, पोरं मागनं नवरदेव नवरदेव करत नाचत होती. मालक पण हसत होते.

आन् मी काय केलं, तर आईनं शिकवलं ते केलं. सगळ्याचं निम्मं केलं. ज्या माणसाचे तीन आठवडे दोन दिवसांवर आले, त्याचे दोन महिने खरे कसे धरायचे? त्याचा बंद खरा कसा धरायचा? मीठ बंद म्हणला, मी चिमूट घातलं. गोळी रोज म्हणला, ती एक दिवसाआड दिली, पोटात मळमळतंय म्हणत होते मालक, म्हणलं कशाला गरम औषधाचा मारा. चटणी सणाला म्हणून सुरू केली आन् मंग दर मंगळवारी दिली. सोमवारी दाखवायचं होतं, सोमवार तर बाजाराचा. दोन महिन्यांचा महिना झाला आन् मालक मागावर गेले, आधी अर्धा दिवस. संध्याकाळी आले ते असे खूश, म्हणले, शेठनं चहा पाजला. शकूसाठी रेवड्या आणल्या होत्या.

निम्म्यानं चालतंय असं वाटत होतं, हेच वाईट. चपलेचा वळ पायावर उमटायला लागला तवा ते मला दिसू देत नव्हते, पाय पोटाशी घेऊन बसायचे. चादरींची चवड पुन्हा भिंतीला लागली. नरसव्वा एक दिवस कडाडली माझ्यावर, तेलगूत, मला एक अक्षर कळलं न्हाई आन् सगळं कळलं. तिनंच रिक्षा आणली.

तोच वॉर्ड, तीच सिस्टर. तिनं बघितलं आन् रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. बारका डॉक्टर नव्हता, दुसरीकडं गेलेला, नवीन होता तो कागद मागायला लागला. कॉट एकबी न्हाई. दाराजवळ खाली गादी टाकली, सिस्टरनं आपल्या बसायच्या स्टुलाला उशी बांधून पाठीला टेका केला. वाऱ्याचं नळकांडं दुसऱ्या टोकाला एका पोराला लावलेलं, ते काढून आणायचं कसं, ते पोरगं निळं पडलेलं. सुई दिली. मालकांचा घाम थांबेना. त्यांनी माझा हात धरला आन् म्हणले, हौसे, बघ की, खिडकीची कॉट. तुला जमंल.

मी गेले. सिस्टरच्या टेबलापाशी उभं राहून मी काय काय बोलले ते मला आठवत न्हाई. खोली मागितली न्हाई, सरळ कॉटच मागितली, आन् पाया पडले. आयुष्यात कुणापुढं पहिल्याच शब्दाला खरं बोलले असंन तर तवा. ती माझ्याबरोबर चालत आली, कुणाला तरी उतरवायला वॉर्डबॉयला हाक मारत आली. येऊन बघतो तर डोकं एका बाजूला कललेलं, चवडीला टेकून झोपायचे तसं. मला वाटलं झोप लागली. सिस्टरनं मनगट धरलं आन् खाली ठेवलं.

मालकांचं दिवस-कार्य झालं, मंग मी दवाखान्यात जाऊन भांडले. मोठ्या डॉक्टरच्या दारात बसले. म्हणलं, तुमचा माणूस आजाऱ्याचा भाव करतो! तो म्हणला, बाई, तुमीच घेऊन गेलात, तसं लिहिलेलं हाय. लिहिलेलं हायच. चाळीतबी तेच म्हणत होते, हौसाबाईच्या तोंडानं मालकाला खाल्लं. एकीनं तर नळावर तोंडावर म्हणलं. मी तिची घागर उपडी केली.

दोन-तीन वर्षं गेली आन् एक दिवस एका नवीन बंगल्याच्या दारात मला बाईनं हाक मारली. चांगली कापडं, लग्नातली असावीत, एक बारीक जरीची. मी पाटी उतरली, मोठा डबा काढला, सौदा चालू, आन् आतनं कोण आलं तर बारका डॉक्टर. आता बारका न्हाई, पोट सुटलेलं, गळ्यात तीच नळी. त्यानं मला ओळखलं न्हाई. मी म्हणलं, डॉक्टर, रविवार आठवतोय का? खिडकीची कॉट, चादरीच्या मागावरचा माणूस. त्याला थोडा वेळ लागला. मंग त्याचा चेहरा उतरला. म्हणला, कसे हायत ते? मी म्हणलं, न्हाईत.

बायको दोघांकडं बघत उभी. तो पायरीवर बसला, माझ्या पाटीच्या शेजारी. म्हणला, बाई, मी तुमाला सांगितलं होतं तीन आठवडे. मी म्हणलं, सांगितलं, पण त्याच्यावर उभं राहिला न्हाईत. मी तर कमी करणारच! मी बोहारीण हाय, माझा जन्म कमी करण्यात गेलाय. तुमचा धंदा काय? तुमी कशाला खाली आलात? तो म्हणला, खाली माणसं झोपलेली होती, कॉट लागत होती, मी नवीन होतो, आन् तुमी इतकं तोडून मागत होता, मला वाटलं घरी करतील सगळं. मी म्हणलं, घरी कोण करणार, मला कळलंच नव्हतं काय करायचंय ते. तुमी म्हणलात थकलाय. तो म्हणला, खरं सांगितलं असतं तर तुमी घाबरला असता. मी म्हणलं, घाबरले असते तर गोळी दिली असती.

तो चष्मा काढून पुसत बसला. मंग म्हणला, तीन आठवडे ठेवलं असतं तरी ते बरे झाले असते असं मी सांगू शकत न्हाई, पण आणखी जगले असते, वर्ष, दोन वर्षं, नीट जपलं असतं तर जास्तबी. ते ऐकून मला असं वाटलं की उठून तो डबा त्याच्या डोक्यात घालावा. आन् असंबी वाटलं की हा तरी पायरीवर बसला, तो मोठा उभाबी राहिला नव्हता. बाईची कापडं मी घेतली न्हाईत. ती म्हणत होती, अहो घ्या, काय द्यायचं नको. मी म्हणलं, तुमच्या डॉक्टरशी माझा सौदा एकदा झालाय. पाटी उचलली आन् निघाले, आन् कोपऱ्यावर येऊन खाली बसले.

वर्ष, दोन वर्षं. तुमाला थोडी वाटतील. शकूचं लगीन त्याच्यात झालं असतं, त्यांनी बघितलं असतं. संध्याकाळी चहाचा एक कप जास्त झाला असता. आन् चटणी नसती दिली, पांढरी भाजी दिली असती रोज, मीबी तीच खाल्ली असती, काय बिघडलं असतं?

आता शकू कुर्डुवाडीला दिलीय, जावई रेल्वेत. ती म्हणती, आई, बास कर, हितं ये. मी जात न्हाई. पाटी अजून चालती, तोंडबी चालतं, वकिलीणबाईंच्या सुनेशी परवाच भांडले. पण कुणी डॉक्टरकडं निघालं, चाळीतलं कुणीबी, तर मी संग जाते. नरसव्वाला धाप लागायला लागलीय, तिला मागच्या आठवड्यात नेली. तितला डॉक्टर म्हणला, ह्यांना ठेवावं लागंल, आन् नरसव्वा माझ्याकडं बघायला लागली, हौसक्का, कमी करून घे की, म्हणून. मी तिला म्हणलं गप बस. डॉक्टरला म्हणलं, किती दिवस ते सांगा, आन् मी कितीबी रडले, आरडले, भांडले तरी तेवढेच ठेवा. नरसव्वा माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. आता तितं पाठ टेकून पडलीय, अळणी खाती आन् मला शिव्या देती. देऊ दे.

तुमाला काय आशीर्वाद देऊ? तुमी शिकलेले हायसा, तुमाला काय कमी. पण वेळ कुणावर सांगून येत न्हाई. आली तर तुमच्या माणसाला असा डॉक्टर भेटू दे, जो तुमचं अजिबात ऐकणार न्हाई.